विजेच्या धक्क्याची पाटी

१९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून टाटांची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. विजेबरोबर अपघाताचा एक नवा प्रकारही कामगारवस्तीत शिरला. भाजणे आणि उन्हाचा तडाखा आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. दिसत नाही अशा शक्तीने माणूस क्षणात कोसळणे मात्र अपरिचित होते. त्याला काय करावे, हे सांगण्याचे काम शासनाला करावे लागले.

भारतीय वीज नियम, १९५६ मधील नियम ४४ हे त्याचे उत्तम उदाहरण. वीजनिर्मिती केंद्रे, बंदिस्त उपकेंद्रे आणि वीज वापरणारे कारखाने यांत, धक्का बसलेल्या माणसाला पुन्हा शुद्धीवर आणण्याच्या सूचना ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक झाले. सूचना जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असाव्यात, ही अट होती. म्हणून महाराष्ट्रात ही पाटी मराठीत लावणे आवश्यक ठरले. २००३ चा वीज कायदा आला, केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे विनियम आले. तरतूद टिकून राहिली.

पाटीवरील विद्या मात्र बदलत गेली. शेफर यांची १९०३ ची पद्धत रुग्णाला पालथे निजवून पाठ दाबण्याची होती. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी तिच्यात हात उचलण्याची जोड दिली. १९५० च्या दशकात तोंडावाटे श्वास देणे अधिक परिणामकारक ठरले. १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. कौवेनहोवन वैद्य नव्हते, विद्युत अभियंते होते. तारांवर काम करणाऱ्यांचे मृत्यू त्यांच्या संशोधनाच्या मुळाशी होते. आपल्याकडे मात्र वीजतंत्री अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत जुन्या पद्धतींची चित्रे त्यानंतरही दीर्घकाळ छापली गेली.

नियमाचे तिसरे पोटकलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नियम लागू असलेल्या केंद्रांतील आणि कारखान्यांतील अधिकृत कर्मचाऱ्यांना या सूचना नुसत्या ठाऊक असणे पुरेसे नाही; त्या अमलात आणण्याची क्षमता त्यांच्यात असली पाहिजे, असे ते सांगते. तपासणीत पाटी आहे की नाही, हे चटकन दिसते. क्षमता दिसत नाही. म्हणून प्रशासन बहुधा पाटीच मोजते.

दिल्लीत मुनिरका गावाच्या गल्ल्यांतून चालताना या त्रुटीचा अर्थ कळतो. डोक्यावर तारांचे जंजाळ, खाली मणिपूरपासून महाराष्ट्रापर्यंतचे भाडेकरू. येथे ‘स्थानिक भाषा’ कोणती म्हणावी? शिवाय नियमाचा भर केंद्रे आणि कारखान्यांवर. घर आणि गल्ली त्याच्या कक्षेत क्वचितच येतात. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावतात. पाटी पोहोचत नाही तेथे शेजारीच पोहोचतो.

त्या शेजाऱ्याने आधी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल आणि वीज घरगुती दाबाची असेल, तरच कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. उघड्या हाताने रुग्णाला शिवू नये. रस्त्यावरील उच्च दाबाची तार तुटली असेल, तर दूरच राहावे आणि वीज खंडित होईपर्यंत इतरांनाही थांबवावे. ११२ वर दूरध्वनी करावा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. माणूस शुद्धीवर असेल, तर भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा; तूप वा टूथपेस्ट लावू नये. जखम लहान दिसली तरी रुग्णालयात न्यावेच, कारण विजेची इजा आत खोल असते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

एवढे शिकायला एक दुपार पुरते. दिल्लीतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या मांडवात, जेथे तात्पुरत्या तारा असतातच, ती दुपार राखून ठेवावी.