पायगाडी, घाट आणि गिअर

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा (१९६० साली ज्याला सांगली हे नाव मिळाले) वेगळा निघेपर्यंत या मुलखाचा बराचसा भाग साताऱ्याच्या कारभाराखाली किंवा औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांत विखुरलेला होता. सायकलीच्या इतिहासात मात्र या सीमांना फारसे महत्त्व नाही. तेथे खरी सीमा भूगोलाची आहे, म्हणजे एकीकडे कृष्णाकाठची सपाटी आणि दुसरीकडे सह्याद्रीचे घाट, कारण सायकलीचा कोणता भाग चांगला म्हणायचा हे येथे बहुतेक वेळा रस्त्यानेच ठरवले.

या मुलखातील सर्वांत प्रसिद्ध कारखान्याची सुरुवात सायकलीच्या दुकानातून झाली, ही गोष्ट आज सहसा लक्षात घेतली जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत नोकरीला असताना १८८८ साली सायकलींच्या व्यवहारात उतरले आणि बेळगावात बंधू रामुअण्णांच्या मदतीने त्यांची विक्री सुरू झाली. त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, तर सारख्या आकाराची दोन चाके असलेली, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘सेफ्टी’ सायकल अवघी तीन वर्षांची होती. ‘पायगाडी’ हे वाहनच नवे असल्याने गिऱ्हाइकाला ते चालवायलाही शिकवावे लागे आणि त्यासाठी पंधरा रुपये आकारले जात. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवणाऱ्या या बंधूंना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन देऊ केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे सायकल नव्हे, नांगर तयार झाला. शेतकऱ्यांच्या मुलखात हा निर्णय व्यवहाराला धरूनच होता, असे म्हणावे लागते.

सपाटीवरच्या सायकलीची पारख पुढे अनेक दशके भाराच्या हिशेबाने झाली. कॅरिअरला अडकवलेल्या दुधाच्या किटल्या, वैरणीचा भारा किंवा डबल सीट बसलेला माणूस पेलणारी जाड रिम, मजबूत चौकट आणि सळईचे ब्रेक हे चांगल्या सायकलीचे लक्षण मानले जाई. वजन कमी असणे हा गुण नव्हे, संशयाचे कारण होते. पारखीचा दुसरा निकष म्हणजे गावातल्या दुकानात दुरुस्ती होणे. सायकल उलटी करून चाक फिरवायचे, ते कोठे डगमगते ते पाहायचे आणि तारा आवळून ‘आउट’ काढायचा, एवढ्या कौशल्यावर चालणारे यंत्रच लोकांच्या विश्वासाला उतरत असे.

गिअरची गरज या व्यवहारात भासली नाही. पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असलेली २८ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे सहा मीटर पुढे जाते, आणि सांगली–मिरजेसारख्या सपाट रस्त्याला हे गणित उत्तम जुळते. वाई ते पाचगणी या सुमारे बारा किलोमीटरांत मात्र साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ आहे, आणि पसरणी घाटात तेच सहा मीटर गुडघ्यांवर येतात. तेथे उतरून सायकल ढकलणे किंवा एसटी धरणे हा सर्वमान्य उपाय होता आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. युरोपातही गिअरला मान्यता सहज मिळाली नव्हती. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, म्हणजे डिरेलर, ‘टूर द फ्रान्स’मध्ये १९३७ सालापर्यंत निषिद्ध होती, कारण शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याला ती दुबळ्यांची सोय वाटे. तोवर स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र साखळीला यावे म्हणून ते उलटे बसवत.

घाट हा अडथळा न राहता सायकलस्वाराचे ठिकाण झाला, तेव्हा पारखीची दिशाच पालटली. यवतेश्वर, पसरणी, केळघर हे चढ मुद्दाम चढण्यासाठी निवडणाऱ्या रोड सायकलस्वाराला पुढे ५० व ३४ दात्यांची दोन चक्रे आणि मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट, म्हणजे एकावर एक रचलेल्या चक्रांचा संच, उपयोगी पडतो. सर्वांत हलक्या गिअरमध्ये ही सायकल एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटर सरकते, तर सर्वांत जड गिअरमध्ये साडेनऊ मीटर जाते. तथापि पावसाळ्यात कासच्या वाटेवरच्या चिखलात कार्बनच्या चौकटीपेक्षा ब्रेकची पकड आणि टायरची रुंदी अधिक मोलाची ठरते, आणि ग्रॅमांच्या हिशेबात रमलेल्या खरेदीदाराकडून हीच बाजू सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. दोनशे किलोमीटरांचे अंतर साडेतेरा तासांत कापण्याच्या ‘ब्रेव्हे’ या प्रकारात स्वाराने स्वतःच्या बळावर जायचे असते. त्यामुळे वाटेत आपल्या हाताने काय दुरुस्त करता येईल, हा जुना निकष तेथे पुन्हा पुढे येतो.

साखळीपुरता तर तो मोजमापासह टिकून आहे. अकरा-बारा चक्रांच्या कॅसेटसाठी साखळी अरुंद झाली, तरी तिच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंचच राहिले. म्हणून एका पिनेच्या मध्यावर फूटपट्टीचे शून्य धरले, की चोविसावे अंतर जेथे संपते ती पिन नव्या साखळीत बरोबर बारा इंचांवर येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली, की जुन्या सायकलीची साखळी बदलावी लागते. नव्या सायकलीला एक षोडशांशच पुरतो.