तांब्याचें चिलखत

लांकडी जहाजास तोफेइतकेंच भय असे तें तळ पोखरणाऱ्या समुद्रकिड्याचें. १७६१ सालीं इंग्रजी आरमारानें ‘अलार्म’ या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढविला. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर पाहतां लांकूड शाबूत होतें; परंतु तांब्यास भिडलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत पार झिजले होते! पुढें खिळेही तांबेमिश्र धातूचे आले. १८२४ सालीं हम्फ्री डेव्ही यांनीं पत्र्यास लोखंड जोडून तांब्याची झीज थांबविली. तों तळावर शेवाळ व शिंपले चढूं लागले. तांबें किंचित् विरघळतें, म्हणूनच जीव तेथें रुजत नाहींत. आजच्या ताम्रयुक्त रंगासही हाच न्याय लागू आहे. मुळींच न झिजणारा रंग कुचकामी. फार झिजणारा अल्पायुषी, शिवाय बंदरांतील इतर जीवांस घातक. सावकाश व सारखा झिजेल, तोच निवडावा.