बर्फप्रवाह प्रतिमानांद्वारे हिमगाभ्यांचे कालनिर्धारण

ध्रुवीय हिमचादरीत खोल छिद्र घेऊन काढलेल्या बर्फाच्या दंडगोलास हिमगाभा किंवा आइस कोअर म्हणतात. त्याच्या वरच्या भागातील वार्षिक थर मोजता येतात. परंतु खोलवर ते अतिशय पातळ होतात, तर पूर्व अंटार्क्टिकात हिमवृष्टीच अत्यल्प असते. अशा ठिकाणी बर्फाच्या प्रवाहाचे गणिती प्रतिमान वापरून थरांचे वय काढले जाते.

तत्त्व

हिमचादरीतील बर्फ स्वतःच्या भाराने संथपणे कडांकडे वाहतो. त्यामुळे खाली गेलेला प्रत्येक थर आडवा ताणला जाऊन पातळ होतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन नाय यांच्या प्रतिमानात थर पातळ होण्याचा दर सर्व खोलींवर समान मानला आहे. हिमचादर ३,००० मीटर जाड व वार्षिक संचय ०.३ मीटर असल्यास, या प्रतिमानानुसार मध्यावरील बर्फ सुमारे ६,९०० वर्षांचा, तर तळापासून ३०० मीटर उंचीवरील सुमारे २३,००० वर्षांचा ठरतो. तेथे वार्षिक थर केवळ ३ सेंटीमीटर उरतो. प्रत्यक्ष तळाशी मात्र वय अनंत येते. म्हणून तळालगत हे प्रतिमान निरुपयोगी ठरते.

डान्सगार्ड–जॉन्सेन प्रतिमान

विली डान्सगार्ड व सिगफुस जॉन्सेन यांनी १९६९ मध्ये यात सुधारणा केली. पृष्ठभागापासून ठरावीक पातळीपर्यंत आडवा वेग स्थिर असतो आणि त्याखाली तो समप्रमाणात घटत तळखडकाशी शून्य होतो, असे त्यांनी गृहीत धरले. ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी येथे १९६६ मध्ये तळखडकापर्यंत पोहोचलेल्या गाभ्यासाठी हे प्रतिमान वापरण्यात आले.

मर्यादा व पडताळणी

भूतकाळातील हिमवृष्टी थेट मोजता येत नाही. ती ऑक्सिजन व हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून अनुमानित करावी लागते. तळाचे वितळणे व हिमचादरीच्या जाडीतील बदल हेही अनिश्चिततेत भर घालतात. म्हणून ज्ञात वयाच्या ज्वालामुखीय थरांसारख्या खुणांशी प्रतिमान जुळवून घेतात. सुमारे ८,००,००० वर्षांचा इतिहास देणाऱ्या अंटार्क्टिकातील डोम सी गाभ्याचे कालमापन असेच प्रतिमान व खुणा यांच्या मेळातून सिद्ध झाले आहे.

थरांचा क्रमच बिघडला असेल, तर साधे प्रवाह प्रतिमान अपुरे पडते. मध्य ग्रीनलंडमधील ग्रिप व गिस्प-२ हे गाभे एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटरवर काढले गेले. वरच्या सुमारे ९० टक्के भागात त्यांच्या नोंदी जुळतात. त्याखाली बर्फाला घड्या पडल्याने त्या जुळत नाहीत.