आमंत्रित ते तिकीटधारक : सातारा-सांगली परिसरातील नाट्यप्रेक्षकाची जडणघडण

प्रस्तावना

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, नट आणि नाटकमंडळ्या यांची नोंद विपुल प्रमाणात झाली आहे. त्या मानाने प्रेक्षक हा घटक उपेक्षित राहिला. नाटकाला कोण जात असे, कोणाच्या बोलावण्यावरून जात असे, कोठे बसत असे आणि प्रयोग चालू असताना कसे वागत असे, हे प्रश्न नाट्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले गेले. वस्तुतः ते सामाजिक इतिहासाचे प्रश्न आहेत, आणि त्यांचा विचार करण्यास सातारा व सांगली हा परिसर विशेष सोयीचा आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी त्यास संस्थानी मुलूख जोडून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. छत्रपतींचे सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तर सांगलीचे पटवर्धन संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. एका ठिकाणचा राजाश्रय दुसऱ्यापेक्षा शंभर वर्षे आधी संपला. मात्र नाटकाच्या बाबतीत हा फरक दिसतो तेवढा मोठा नव्हता, असे पुढील घटनांवरून म्हणता येते.

दरबार आणि तिकीट

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना तशा प्रकारचे पण सुधारलेले खेळ मराठीत रचण्याची आज्ञा केली. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग झाला. या प्रयोगाचा प्रेक्षक दरबारचा आमंत्रित होता. त्याने काहीही मूल्य दिले नव्हते व म्हणून त्याला काही मागण्याचा अधिकारही नव्हता. खेळ लांबवावा की आटोपता घ्यावा, हे यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे. सूत्रधाराचे गायन, विदूषकाची थट्टा, आरोळ्या ठोकीत येणारा राक्षस यांनी प्रेक्षक हसत असेल, दचकत असेल; परंतु दाद देण्याचा पहिला मान सिंहासनाचा होता.

१८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि दरबारी आश्रय आटला. म्हणजे संस्थान जिवंत असतानाच नाटक निराश्रित झाले. भाव्यांनी मंडळी घेऊन परगावची वाट धरली. १८५३ मध्ये मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे खेळ तिकीट लावून झाले. राजाची जागा घेणारा हा नवा आश्रयदाता अनोळखी होता, संख्येने मोठा होता आणि खिशातून पैसे काढून आत येत होता.

तिकिटाने दोन परस्परविरोधी गोष्टी केल्या. तत्त्वतः त्याने दार सर्वांना उघडले. कारण तिकीट कोणाचे कूळ विचारत नाही. व्यवहारात मात्र त्याने दर्जाची जागा दराला दिली. पुढे खुर्च्या, मागे बाके, स्वस्तात स्वस्त म्हणजे पीट, आणि स्त्रियांची बैठक वेगळी, अशी रचना नाटकगृहांतून व फिरत्या मंडळ्यांच्या तंबूंतून रूढ झाली. दरबारात मानाने ठरणारे अंतर आता आण्या-रुपयांत मोजले जाऊ लागले, एवढाच काय तो बदल, असे कोणी म्हटल्यास ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही. पण ते पूर्ण सत्यही नाही. पिटातल्या प्रेक्षकाजवळ आवाज होता, व तो त्याने वापरला.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘वन्स मोअर’. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) संगीत नाटकाचे युग सुरू झाले. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या नाटकांनी ते भरभराटीस आणले आणि बालगंधर्वांच्या गायनाने त्याला वेड लावणारा प्रेक्षक मिळवून दिला. आवडलेले पद पुन्हा म्हणण्याची मागणी होई. कथानक थांबे, पात्र भूमिकेतून बाहेर येऊन गवई बने. रसभंग म्हणून समीक्षकांनी या प्रथेवर टीका केली, व नाट्यदृष्ट्या ती रास्तच होती. तथापि तिकीट काढणाऱ्याला प्रयोगावर हक्क सांगण्याचा दुसरा मार्ग नव्हता. शिवाय या परिसरातील दाद आंधळी होती असे समजण्याचे कारण नाही. मिरज हे तंतुवाद्ये घडविणाऱ्यांचे गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेथेच वास्तव्य केले. अशा पंचक्रोशीतील श्रोत्याचा कान तयार असणे स्वाभाविक होते. नाटक पहाटेपर्यंत लांबण्यात त्याची एक साधी सोयही असावी : बैलगाडीने आलेल्यास अंधारात परतण्यापेक्षा उजाडल्यावर निघणे बरे.

प्रेक्षकाचा प्रतिसाद केवळ रसिकतेचा नसतो, हे सरकारच्याही ध्यानी आले. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनला पाहिले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. संहितेत कर्झनचे नाव नव्हते. ते प्रेक्षकांच्या मनात होते. ही बंदी एका अर्थी प्रेक्षकांच्या आकलनावर घातलेली होती.

कनातीच्या आत आणि बाहेर

नाटकगृहाच्या या इतिहासाने परिसरातील बहुसंख्य प्रेक्षकांचा इतिहास मात्र पूर्ण होत नाही. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू यांची नावे ज्यांच्या तोंडी होती, तो प्रेक्षक तमाशाचा होता. तेथे तिकिटाखेरीज देण्याघेण्याची आणखी एक रीत होती, ती दौलतजादाची. नाचणाऱ्या स्त्रीला प्रेक्षक थेट पैसे देई आणि त्या पैशाबरोबर आपला अधिकारही गाजवी. नाटकाच्या प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’मधून जो हक्क सांगितला, त्याचेच हे उघडे रूप होय, फरक इतकाच की त्याची किंमत कलावंत स्त्रीला मोजावी लागे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली व पुढे अटी घालून ती उठविण्यात आली. अश्लीलतेची चर्चा त्या वेळी प्रामुख्याने वगनाट्य, बतावणी व लावणी यांच्या भाषेभोवती फिरली. प्रेक्षकाच्या वर्तनाला नियम लावण्याचा विचार त्या मानाने दुय्यम राहिला.

यात्रेतील तमाशाची पद्धत अधिक विचार करण्यासारखी आहे. फड एक तर कनात उभारून तिकीट लावतो, किंवा गावाची सुपारी घेतो. सुपारीच्या खेळात गाव वर्गणी गोळा करून बिदागी देते आणि आत येणाऱ्याला तिकीट नसते. म्हणजे १८४३ मध्ये जे स्थान श्रीमंतांचे होते ते येथे यात्रा कमिटीकडे येते, व प्रेक्षक पुन्हा आमंत्रित होतो. पुढे कोण बसणार हे मग गावकीच्या मानपानावर ठरते. तिकिटाच्या खेळात निदान कनातीखालून शिरणारी पोरे तेवढी समान पातळीवर असतात!

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यात झालेल्या सत्यशोधक जलशांनी आमंत्रणही टाळले आणि तिकीटही. चावडीसमोर किंवा माळावर जमलेला शेतकरी जमिनीवर बसे आणि भिक्षुकशाही व सावकारी यांवरची टीका ऐके. येथे प्रेक्षकाकडून पैशाची नव्हे, मतपरिवर्तनाची अपेक्षा होती.

आज साताऱ्यात शाहू कला मंदिर व सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर ही नाट्यगृहे आहेत. तेथील खुर्चीला क्रमांक असतो. खिडकीवरच्या प्लॅनवर पेन्सिलीने खूण करून घेतलेली ती खुर्ची आता मोबाइलवरूनही राखून ठेवता येते. कनातीत अजूनही बसायला मातीच आहे. हा भेद करोनाच्या साथीत प्रकर्षाने जाणवला. २०२० व २०२१ या लागोपाठ दोन वर्षी चैत्रातील यात्रा बंद राहिल्या आणि फडांच्या सुपाऱ्या बुडाल्या. २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली; एकाआड एक खुर्ची मोकळी ठेवून प्रयोग सुरू झाले. ज्या प्रेक्षकाला खुर्चीच नव्हती, त्याची निम्मी क्षमता कशी मोजावी, याचे उत्तर त्या नियमात नव्हते.