फॉर्लॉर्न होप : चार ओळींवर भाष्य

‘फॉर्लॉर्न होप’ या इंग्रजी लष्करी शब्दाचे कोशगत अर्थ येथे आपल्या शब्दांत चार ओळींत मांडले आहेत. प्रत्येक ओळीखाली भाष्य आहे.

ओळ १. डच ‘व्हर्लोरेन होप’वरून, सोळावे शतक.

‘व्हर्लोरेन’ म्हणजे गमावलेला. ‘फॉर्लॉर्न’ त्याच कुळातला, म्हणून पहिल्या पदात फारसे बिघडले नाही. घोटाळा दुसऱ्या पदात आहे. डचमध्ये ‘होप’ हे रूप दोन शब्दांचे : एकाचा अर्थ आशा, दुसऱ्याचा ढीग किंवा जमाव. येथे दुसरा अभिप्रेत आहे. इंग्रजीतला त्याचा भाऊबंद ‘हीप’. इंग्रजी कानाने मात्र आशा ऐकली. फ्रेंच लोक हल्ल्यात पुढे धाडलेल्या अशा शिपायांना ‘हरवलेली पोरे’ म्हणत. तिथे आशेचा मागमूस नाही.

ओळ २. हल्ल्यात सर्वांत पुढे धाडलेली तुकडी.

‘सर्वांत पुढे’ यातच सगळे आले. तोफांनी तटाला खिंडार पडले की मूठभर शिपाई आधी आत घुसत. शत्रूच्या बंदुकांची पहिली फैर त्यांनी अंगावर घ्यायची. ठासणीच्या बंदुका पुन्हा भरेपर्यंत मागच्या फौजेने खिंडार गाठायचे. तरीही माणसे आपणहून पुढे येत, कारण म्होरक्या अधिकारी जगला तर बढतीची शक्यता मोठी असे. १९ जानेवारी १८१२ रोजी स्पेनमधील सिउदाद रोद्रिगो येथे अशी तुकडी नेणारा ब्रिटिश लेफ्टनंट गरवुड जखमी झाला, पण वाचला. पुढे त्याने आपला सेनापती वेलिंग्टन याचे खलिते संपादित केले. त्याच वर्षी ६ एप्रिलच्या रात्री स्पेनमधल्याच बादाहोसच्या खिंडारांत, तट राखणाऱ्या फ्रेंचांनी तलवारीची पाती ठोकलेले ओंडके आडवे टाकले होते. त्या एका हल्ल्यात वेलिंग्टनच्या फौजेतील ३,००० हून अधिक माणसे ठार वा जखमी झाली.

ओळ ३. (लक्षणेने) जिवावर उदार होऊन केलेला प्रयत्न.

ही खरी लक्षणा. करणाऱ्यांवरून कृतीला नाव मिळाले. मुख्यार्थाशी संबंध शाबूत आहे.

ओळ ४. (लक्षणेने) फोल आशा.

येथे कंसातला शब्द आम्हांला मान्य नाही. लक्षणेला मुख्यार्थाशी नाते लागते. तुकडी आणि आशा यांत ते नाही, आहे ते केवळ उच्चाराचे साम्य. हा अर्थ गैरसमजातून आला आणि वापराने रूढ झाला. रूढ झाला म्हणून तो आज चूक ठरत नाही. मात्र त्यात शिपाई उरलेला नाही, उरली ती घरबसल्या धरता येणारी आशा.

निर्णय : अनुवादकाने काळ आणि प्रसंग पाहावा. आजच्या लेखात ‘फोल आशा’ चालेल. वेढ्याच्या इतिहासात मात्र ‘खिंडारात पहिली घुसणारी तुकडी’ असेच लिहावे. तिथे ‘आशा’ लिहिणे म्हणजे माणसे वगळणे होय.