'मंगल' फॉन्ट संगणकावर नसेल तर...

वणी येथील एखाद्या कार्यालयात 'मंगल' फॉन्टमध्ये तयार केलेली वर्ड फाइल यवतमाळला दुसऱ्या संगणकावर उघडली, की कधी कधी तिचे रूप पालटलेले दिसते. ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात, तक्त्याचे रकाने विस्कटतात, एका पानाचे पत्र दोन पानांवर जाते. अशा वेळी मजकूर पुन्हा टंकलिखित करण्याची आवश्यकता नसते. मजकूर शाबूत असतो. त्या संगणकावर फॉन्ट नसतो. वर्डच्या चौकटीत 'मंगल' हे नाव दिसतच राहते, म्हणून ही उणीव चटकन लक्षात येत नाही.

विंडोज 2000 पासून 'मंगल' प्रणालीसोबतच मिळत असे. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये 'मंगल', 'कोकिला', 'अपराजिता' व 'उत्साह' हे फॉन्ट ऐच्छिक घटकांत गेले आणि मूळ प्रणालीत 'निर्मला यूआय' राहिला. प्रत्येक फॉन्टमधील अक्षरांची रुंदी निराळी असल्याने बदली फॉन्टमध्ये मांडणी बिघडते.

फॉन्ट बसविण्याची रीत अशी :

1. 'सेटिंग्ज' उघडून शोधचौकटीत 'ऑप्शनल फीचर्स' असे इंग्रजीत टाइप करावे.
2. विंडोज 10 मध्ये 'अ‍ॅड अ फीचर', तर विंडोज 11 मध्ये 'व्ह्यू फीचर्स' निवडावे.
3. यादीतील 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स'समोर खूण करून 'इन्स्टॉल' करावे.
4. वर्ड बंद करून पुन्हा उघडावे.

यासाठी इंटरनेट व अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. कार्यालयीन नेटवर्कवर ही सोय रोखलेली असल्यास संगणक विभागाकडे मागणी करावी.

मात्र मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसत असेल, तर फाइल 'कृतिदेव'सारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधील असण्याचा संभव असतो. तेथे 'मंगल' बसवून उपयोग नाही. तोच जुना फॉन्ट मिळवावा किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

फाइल पाठविणाऱ्यानेही दक्षता घ्यावी. दुरुस्ती अपेक्षित नसेल तर पीडीएफ पाठवावी. वर्ड फाइलच द्यावयाची असल्यास 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' या क्रमाने जाऊन फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा.