विजयानंतरची सहा प्रकरणे

अद्भुतकथेची मालिका वाचणाऱ्याला शेवटच्या खंडाकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात : कथा पूर्ण व्हावी, आणि ती संपू नये. या ओढाताणीचा इतिहास पाहायचा, तर जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा खंड, ‘द रिटर्न ऑफ द किंग’, आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो.

मुळात ही त्रिखंडी कादंबरी नव्हेच. डिसेंबर १९३७ मध्ये लिहायला घेतलेली ती एकसंध कृती होती. महायुद्धानंतर कागद महागलेला, छपाईचा खर्च मोठा. तोटा येणार हे गृहीत धरूनच अ‍ॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने तिचे तीन खंड केले. पहिला २९ जुलै १९५४ रोजी आला, दुसरा त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला. दुसऱ्याच्या अखेरीस नायक फ्रोडो जिवंत आहे, पण शत्रूच्या कैदेत. त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर. परिशिष्टांच्या कामामुळे रखडलेला तिसरा खंड २० ऑक्टोबर १९५५ रोजी निघाला. जवळजवळ अकरा महिने वाचक त्या दारापाशी ताटकळत राहिले. म्हणजे ‘शेवटच्या पुस्तका’ची ही उत्कंठा लेखकाच्या योजनेतून नव्हे, तर प्रकाशकाच्या जमाखर्चातून जन्मली. खंडाचे शीर्षकही टॉल्किन यांना रुचले नव्हते. ते कथेचा शेवट आधीच उघड करते, अशी त्यांची तक्रार होती.

परंतु राजाचे परतणे हा या ग्रंथाचा खरा शेवट नाहीच. भरताने सांगितलेल्या पाच संधींपैकी निर्वहण संधीत विखुरलेली सूत्रे एकत्र येतात आणि फलप्राप्ती होते. येथे मुद्रिका नष्ट होते ती सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात; त्यानंतर आणखी सहा प्रकरणे उरतात. शिवाय ती नष्ट होते तीही नायकाच्या पराक्रमाने नव्हे. अखेरच्या क्षणी फ्रोडो मोहाला बळी पडतो, मुद्रिका आपली म्हणतो, आणि गॉलम त्याचे बोट चावून ती हिसकावतो व दरीत कोसळतो. अनपेक्षित सुखद कलाटणीला टॉल्किन यांनी ‘युकॅटॅस्ट्रफी’ हे नाव दिले होते. या कलाटणीने जग वाचते. फ्रोडो मात्र पूर्ववत होत नाही. गावी परतलेल्या चौघांना गावच उद्ध्वस्त झालेले आढळते. ते सावरले, तरी फ्रोडोच्या जुन्या जखमा ठरावीक तिथीला ठणकतात आणि शेवटी तो समुद्रापार निघून जातो. ज्या गावासाठी सारे सोसले, त्या गावात राहणे त्याच्या नशिबी नाही.

टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. १९१८ पर्यंत त्यांच्या जवळच्या मित्रांपैकी एक वगळता सारे मृत्यू पावले होते, असे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात नोंदवले आहे. गावच्या विध्वंसाचे प्रकरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धोत्तर इंग्लंडचे रूपक, हे मत त्यांनी तेथेच नाकारले. तो भाग प्रारंभापासून योजलेला होता, असे ते म्हणतात. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. रूपक नाकारणारा लेखक अनुभव नाकारत नसतो.

समकालीनांचे मात्र एकमत झाले नाही. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी जानेवारी १९५६ मध्ये या खंडाची मुक्त प्रशंसा केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एडमंड विल्सन यांनी समग्र कृतीची खिल्ली उडवली. पुढे पीटर जॅक्सन यांच्या २००३ च्या चित्रपटाने अकरा ऑस्कर मिळवले, पण त्यातून गावच्या विध्वंसाचे प्रकरण गळाले होते. विजयानंतर पुन्हा पराभवाची चव चाखणे प्रेक्षकाला जड जाईल, असा हिशोब त्यामागे असावा.

टॉल्किन यांनीही सॅमच्या भरल्या घराचे एक उपसंहाररूप प्रकरण लिहिले होते. हस्तलिखित वाचणाऱ्यांना ते न रुचल्याने त्यांनी ते वगळले. ते १९९२ मध्ये प्रकाशित झाले. जुलै २००७ मध्ये आलेल्या हॅरी पॉटरच्या सातव्या व अखेरच्या पुस्तकात मात्र एकोणीस वर्षांनंतरचा उपसंहार कायम राहिला, आणि तो हवा होता की नको, यावर वाचकांत बराच वाद झाला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : वाचकाला सांत्वन किती द्यावे?

टॉल्किन यांचे उत्तर आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. फ्रोडोला निरोप देऊन सॅम घरी येतो. दिवा लागलेला, जेवण तयार, लेक मांडीवर. कथा तेथेच थांबते. सुख आहे, पण ते दुसऱ्या कुणीतरी गमावून मिळवून दिलेले आहे. शेवटचा खंड मिटताना वाचकालाही हा हिशोब सोबत घेऊनच उठावे लागते.